सभा संपते तेव्हा
‘तहकूब’, ‘बेमुदत तहकूब’ आणि ‘संस्थगित’ या शब्दांचा अर्थ व व्यवहार

सभा सुरू कशी होते हे आपणा सर्वांना चांगले ठाऊक असते. अध्यक्षपदाची सूचना, तिला अनुमोदन, प्रतिमापूजन, स्वागत आणि प्रास्ताविक हा क्रम खेड्यातील शाळकरी मुलालाही पाठ असतो. सभा संपते कशी, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष नसते. आभारप्रदर्शन चालू असतानाच मागच्या रांगेतील मंडळी पायांत वहाणा सरकवू लागतात. वृत्तपत्रे ‘अधिवेशनाचे सूप वाजले’ असा मथळा देऊन मोकळी होतात. पण सुपाला कायद्याच्या पुस्तकात जागा नाही. कायदा असे विचारतो की, सभा कोणी संपविली, कोणत्या शब्दाने संपविली आणि पुढची तारीख दिली की नाही? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सभेपुढील अपुऱ्या कामाचे भवितव्य अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातील एका लहान गावी कामानिमित्त जाण्याचा योग आला होता. त्या गावच्या ग्रामसभेपुढे घरकुलांच्या लाभार्थींची यादी होती. सकाळी चावडीसमोर पंचवीस-तीस माणसे जमली. गणपूर्ती होत नाही असे पाहून सभा तहकूब झाल्याचे सांगण्यात आले व मंडळी आपापल्या कामाला निघून गेली. आठ दिवसांनी तीच सभा पुन्हा भरली. त्या दिवशी अवघी दहा-बारा माणसे हजर होती आणि यादी मंजूर झाली. नाव न लागलेली एक विधवा बाई नंतर पंचायतीच्या दारात उभी राहून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, “सभा झालीच नाही म्हणून मी घरी गेले. मग ही सभा झाली कधी?” तिला कोणी खोटे सांगितले नव्हते आणि नियमही मोडला नव्हता. ‘तहकूब’ या एका शब्दाचा अर्थ तिने ‘रद्द’ असा घेतला, एवढेच काय ते घडले होते. हा लेख त्या एका शब्दाविषयी व त्याच्या भावंडांविषयी आहे.

शब्दांची कुळी

तहकूब, मुलतवी, मुदत, बरखास्त हे शब्द अरबी-फारसी दप्तरातून मराठीत आले व येथलेच होऊन राहिले. नांदेड आणि लातूरच्या लोकांना तर ते विशेष परिचयाचे आहेत. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीचा व न्यायालयाचा कारभार उर्दूत चालत असे. ‘बरखास्त’ या शब्दाच्या मुळाशी फारसीतील उठणे ही क्रिया आहे. सभा बरखास्त झाली म्हणजे मंडळी उठली. पुढे या शब्दाला दुसराही अर्थ चिकटला. आज आपण ‘सभा बरखास्त झाली’ असे म्हणतो तेव्हा ती आटोपलेली असते. पण ‘संचालक मंडळ बरखास्त केले’ असे म्हणतो तेव्हा ते अधिकारावरून दूर केलेले असते. शब्द तोच असला तरी परिणामांत मोठे अंतर आहे.

या भागाच्या इतिहासात सभेला आणखी एक अर्थ आहे. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने पूर्वपरवानगीवाचून सभा घेण्यास मज्जाव केला होता. सभा भरवावयाची की नाही आणि भरलीच तर ती केव्हा उठवावयाची, हे सरकारी अंमलदाराच्या मर्जीवर होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. तेव्हापासून सभा भरविणे ही मेहरबानी राहिली नाही, तो नागरिकांचा हक्क झाला. हक्काने भरलेली सभा कोणाच्या लहरीने मोडू नये, म्हणून ती संपविण्याचेही नियम असतात. हे नियम समजून घेणे हा त्या हक्काचाच उर्वरित अर्धा भाग होय.

तहकुबी म्हणजे विश्रांती

तहकूब करणे म्हणजे चालू सभा मध्येच थांबवून ती पुढे चालविण्यासाठी राखून ठेवणे. ही विश्रांती पंधरा मिनिटांची असेल, दुसऱ्या दिवसापर्यंतची असेल किंवा पंधरवड्याचीही असेल. महत्त्वाची गोष्ट अशी की, तहकुबीनंतर भरणारी सभा ही नवी सभा नसते. ती आधीच्याच सभेचा पुढचा भाग असते. म्हणून तिच्यात तेच अपुरे विषय घेता येतात. सूचनापत्रात नसलेला विषय तहकूब सभेत मागच्या दाराने आणता येत नाही.

सभा तहकूब होण्याची कारणे साधारणपणे तीन असतात. पहिले कारण गणपूर्तीचा अभाव, दुसरे गोंधळ आणि तिसरे कामाची अपूर्णता. चौथे एक कारण आपल्या नगरपालिका, महानगरपालिका व विधिमंडळ यांच्या परंपरेत रूढ आहे. एखाद्या मान्यवराच्या निधनानंतर शोकप्रस्ताव संमत करून सभा तहकूब केली जाते. तेथे तहकुबी हीच आदरांजली असते.

महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते. चारशे मतदारांच्या गावात साठ माणसे लागतील. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर पुरतील. तेवढी उपस्थिती नसल्यास सभा तहकूब करावी लागते. मात्र तहकुबीनंतर भरणाऱ्या ग्रामसभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. आरंभी सांगितलेल्या गावी नेमके हेच घडले. पहिल्या दिवशी तीस माणसे अपुरी ठरली आणि आठ दिवसांनी बारा माणसे पुरेशी ठरली.

या तरतुदीत काही कावा आहे असे समजण्याचे कारण नाही. गणपूर्तीचा आग्रह शेवटपर्यंत धरला तर, लोक येत नाहीत एवढ्याच सबबीवर गावाचे काम वर्षानुवर्षे अडून राहील. कायद्याने एकदा वाट पाहावयाची आणि मग आलेल्यांना घेऊन पुढे जावयाचे, असा हा मध्यम मार्ग आहे. परंतु त्याचा अर्थ लोकांच्या ध्यानी यावयास हवा. तहकूब सभेला जाणे हे पहिल्या सभेला जाण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे असते, कारण तेथे थोड्यांचा निर्णय सर्वांचा निर्णय ठरतो.

सहकारी संस्थांच्या बाबतीतही असेच आहे. लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने, पतसंस्था, विविध कार्यकारी सोसायट्या यांचे मोठे जाळे आहे. त्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेर, घ्याव्या लागतात. नेमके याच सुमारास सोयाबीन काढणीला येऊ लागते आणि शेतकरी सभासदाला रानात काम असते. अशा सभांच्या सूचनापत्राच्या तळाशी बहुधा एक टीप असते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल आणि त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही, असा तिचा आशय असतो. सभासद ताळेबंद वाचतात, लाभांशाचा आकडा पाहतात, पण ही टीप वाचत नाहीत. अर्ध्या तासाने पोहोचणारा सभासद ‘सभा अजून सुरूच झाली नसेल’ अशा समजुतीत असतो, आणि तेवढ्यात अहवाल मंजूर होऊन गेलेला असतो.

कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी अधिनियमात थोडी निराळी व्यवस्था आहे. तेथे अर्धा तास वाट पाहूनही गणपूर्ती झाली नाही तर सर्वसाधारण सभा पुढील आठवड्यातील त्याच वारी, त्याच वेळी व त्याच ठिकाणी तहकूब होते. परंतु सभासदांनीच मागणी करून बोलावलेली सभा असेल तर ती तहकूब न होता रद्द होते. ज्यांनी सभा मागितली त्यांनीच पाठ फिरविली, तर दुसऱ्यांदा वाट पाहावयाची कशाला, असा त्यामागचा विचार आहे. ‘तहकूब’ व ‘रद्द’ यांतील भेद यावरून स्पष्ट व्हावा. तहकूब सभा जिवंत असते. रद्द झालेली सभा पुन्हा नव्याने बोलवावी लागते.

अध्यक्षांना मनाला येईल तेव्हा उठता येते काय?

अनेक ठिकाणी असा अनुभव येतो की, अडचणीचा विषय निघाला की अध्यक्ष ‘सभा संपली’ असे म्हणून उठून जातात. यालाच बोलीभाषेत ‘सभा गुंडाळणे’ म्हणतात. कायद्याला ही गुंडाळणी सहसा मान्य नाही. इंग्लंडमधील न्यायालयाने १८९४ साली नॅशनल ड्वेलिंग्ज सोसायटी विरुद्ध साइक्स या खटल्यात याविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. सभेपुढील काम अपुरे असताना अध्यक्षाला केवळ स्वतःच्या मर्जीने सभा थांबविता किंवा संपविता येत नाही. तो तसा उठून गेला तर सभा दुसरा अध्यक्ष निवडून आपले काम पुरे करू शकते, असे तत्त्व त्यात सांगितले आहे. आपल्या कंपनी कायद्याच्या नमुना नियमावलीतही गणपूर्ती असलेल्या सभेच्या संमतीने अध्यक्षाने सभा तहकूब करावी आणि सभेने तसे सांगितल्यास त्याने ती केलीच पाहिजे, असे म्हटले आहे. सभा अध्यक्षाची नसून अध्यक्ष सभेचा असतो, हे या नियमाचे सार आहे.

याला अपवादही आहेत. हाणामारीचा प्रसंग उद्भवला, दंगा आवरेना, मतमोजणीही अशक्य झाली, तर सभा काही काळ थांबविण्याचा अधिकार अध्यक्षाला असावाच लागतो. पण तो अधिकार सभेचे काम व्हावे यासाठी आहे, काम टळावे यासाठी नाही. तसेच प्रत्येक संस्थेचे नियम वा उपविधी वेगळे असू शकतात. विधिमंडळासारख्या सभागृहात तहकुबीचा अधिकार नियमांनीच अध्यक्षांकडे सोपविलेला असतो. म्हणून आपल्या संस्थेची नियमपुस्तिका एकदा उघडून पाहणे केव्हाही हिताचे.

‘बेमुदत तहकूब’

आता आपण मुख्य शब्दाकडे येऊ. संसदेच्या व विधिमंडळाच्या वार्तांकनात ‘साइने डाय’ हे दोन शब्द वारंवार कानावर पडतात. ते इंग्रजी नसून लॅटिन आहेत. ‘साइने’ म्हणजे वाचून किंवा विना आणि ‘डाय’ म्हणजे दिवस. दिवसावाचून, तारखेवाचून तहकूब, असा त्यांचा सरळ अर्थ आहे. मराठीत यासाठी ‘बेमुदत तहकूब’ किंवा ‘अनिश्चित काळासाठी तहकूब’ असे म्हटले जाते.

कोर्टकचेरीत पायपीट केलेल्या शेतकऱ्याला तारखेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तारीख पडली म्हणजे खेप वाया गेली, याचे त्याला दुःख होते. तरी खिशात पुढची तारीख असते. तारीखच न मिळणे ही त्याहून वेगळी अवस्था आहे. प्रकरण निकाली निघालेले नसते, पण ते पुन्हा केव्हा निघणार हेही सांगता येत नाही. बेमुदत तहकुबीचा खरा स्वभाव हा असा आहे. तीत काम संपत नाही; फक्त ते पुन्हा हाती घेण्याचा दिवस ठरलेला नसतो.

लोकसभेत हा आदेश लोकसभेचे अध्यक्ष देतात. लातूर जिल्ह्यातील चाकूरचे शिवराज पाटील यांनी १९९१ ते १९९६ या काळात हे पद भूषविले. तत्पूर्वी ते महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष होते. सभागृह बेमुदत तहकूब झाल्यानंतरही गरज पडल्यास अध्यक्षांना त्याची बैठक पुन्हा बोलावता येते, अशी लोकसभेच्या नियमांत तरतूद आहे. म्हणजे दाराला कडी लागलेली असते, कुलूप नसते.

‘संस्थगित’ : कुलूप कोण लावते?

कुलूप लावण्याची क्रिया निराळी आहे. तिला सत्रसमाप्ती म्हणतात. आपल्या विधिमंडळाच्या व्यवहारात यासाठी ‘अधिवेशन संस्थगित झाले’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. येथे वाचकांनी एक काळजी घ्यावी. ‘स्थगित’ आणि ‘संस्थगित’ हे शब्द दिसावयास सारखे असले तरी एक नव्हेत. स्थगित म्हणजे तात्पुरते थांबविलेले किंवा रोखलेले. संस्थगित म्हणजे संपूर्ण सत्रच समाप्त केलेले.

तहकुबीने बैठक थांबते, तर संस्थगितीने सत्र संपते. तहकुबीचा आदेश सभागृहाचे अध्यक्ष वा सभापती देतात. संस्थगितीचा आदेश राज्यात राज्यपाल व केंद्रात राष्ट्रपती देतात आणि तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने दिला जातो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ मध्ये राज्यपालांचे हे अधिकार सांगितले आहेत. सभागृहाला अधिवेशनासाठी बोलावणे, सत्रसमाप्ती करणे आणि विधानसभा विसर्जित करणे हे ते तीन अधिकार होत. त्याच अनुच्छेदाने एक मर्यादाही घातली आहे. एका सत्राची शेवटची बैठक व पुढील सत्राची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये. तारीख जाहीर न करता सभागृह उठले तरी ते बेमुदत झोपी जाऊ शकत नाही, ते या तरतुदीमुळे.

सत्र संपल्यावर सदस्यांनी दिलेल्या बऱ्याचशा प्रलंबित सूचना निकामी होतात व त्या पुढील सत्रासाठी पुन्हा द्याव्या लागतात. प्रलंबित विधेयके मात्र टिकून राहतात. सत्रसमाप्तीच्या कारणाने कोणतेही विधेयक व्यपगत होणार नाही, म्हणजे आपोआप रद्द होणार नाही, अशी हमी अनुच्छेद १९६ मध्ये दिलेली आहे. अध्यादेशांच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. दोन्ही सभागृहे सत्रात असताना राज्यपालांना अध्यादेश काढता येत नाही, म्हणून सत्र खरोखर संपले की केवळ बैठक तहकूब झाली, हे नेमके ठाऊक असावे लागते. अध्यादेश काढला तरी विधिमंडळ पुन्हा भरल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत त्याला मान्यता मिळाली नाही, तर तो संपुष्टात येतो. ही मुदत टाळण्यासाठी तेच ते अध्यादेश पुन्हा पुन्हा काढण्याची जी प्रथा बिहारमध्ये पडली होती, तिचा छडा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी लावला. १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ अध्यादेश काढून ते या रीतीने जिवंत ठेवल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये या प्रथेला घटनाबाह्य ठरविले.

पंजाबातील दोन प्रसंग

तहकुबी व संस्थगिती यांतील भेद केवळ शब्दांचा कीस आहे असे कोणास वाटल्यास त्याने पंजाब विधानसभेतील दोन प्रसंग पाहावेत. देशात या भेदाची खरी कसोटी तेथेच लागली आहे.

पहिला प्रसंग मार्च १९६८ मधील आहे. अंदाजपत्रक मंजूर व्हावयाचे असताना सभागृहात गोंधळ झाला व अध्यक्षांनी सभा एकदम दोन महिन्यांसाठी तहकूब केली. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपणार होते. अंदाजपत्रक मंजूर न झाल्यास सरकारी तिजोरीतून एक रुपयाही काढता आला नसता. तेव्हा राज्यपालांनी ११ मार्च रोजी सत्रच संस्थगित केले, आर्थिक कामकाज वेळेत व्हावे यासाठी अध्यादेश काढला आणि विधानसभेला नव्याने पाचारण केले. सत्र संपल्याबरोबर अध्यक्षांच्या तहकुबीचा अंमलही संपला. सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांची ही कृती वैध ठरविली. अध्यक्षांनी लावलेली कडी राज्यपालांच्या आदेशाने निघाली, असा हा प्रसंग होता.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. पंजाब विधानसभेचे अंदाजपत्रकी सत्र २२ मार्च २०२३ रोजी बेमुदत तहकूब झाले, परंतु संस्थगित झाले नाही. जूनमध्ये अध्यक्षांनी १९ व २० तारखांना सभागृहाची बैठक पुन्हा बोलावली आणि तीत चार विधेयके संमत झाली. जुन्या सत्राचे काम संपले असताना भरविलेली ही बैठक बेकायदेशीर आहे, अशी राज्यपालांची भूमिका होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने १० नोव्हेंबर २०२३ रोजी निर्णय दिला. सत्र संस्थगित झालेले नसल्याने बेमुदत तहकूब सभागृहाची बैठक पुन्हा बोलावणे अध्यक्षांच्या अधिकारात होते आणि म्हणून ती वैध होती, असे त्यात म्हटले आहे. चार विधेयकांचे भवितव्य ‘तहकूब’ व ‘संस्थगित’ या दोन शब्दांमधील अंतरावर टांगलेले होते.

विसर्जन आणि एका विधेयकाची सत्तावीस वर्षे

तिसरी अवस्था विसर्जनाची. गणपतीचे विसर्जन आपण पुढच्या वर्षीच्या आगमनाची प्रार्थना करीत करतो. विधानसभेच्या विसर्जनानंतरही विधानसभा पुन्हा येते, पण ती निवडणुकीतून आलेली नवी विधानसभा असते. जुन्या सभागृहापुढील बहुतेक अपुरे काम जुन्या सभागृहाबरोबरच पाण्यात जाते. विधान परिषद व राज्यसभा यांचे मात्र विसर्जन होत नाही. त्यांचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात आणि सभागृह अखंड चालू राहते.

याचा परिणाम किती दूरवर जातो हे महिला आरक्षण विधेयकाच्या प्रवासावरून दिसते. हे विधेयक प्रथम सप्टेंबर १९९६ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. १९९८ मध्ये व पुन्हा १९९९ मध्ये ते मांडले गेले आणि दोन्ही वेळा लोकसभेच्या विसर्जनाबरोबर संपले. या अनुभवानंतर २००८ मध्ये ते लोकसभेऐवजी राज्यसभेत मांडण्यात आले. २००९ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली तरी राज्यसभेत प्रलंबित असलेले विधेयक शाबूत राहिले आणि ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते संमत केले. पुढे ते लोकसभेकडे गेले व तेथे पडून राहिले. २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक चौथ्यांदा व्यपगत झाले. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या विधेयकाच्या रूपाने ते दोन्ही सभागृहांत संमत झाले. या सत्तावीस वर्षांत ते कोणत्याही सभागृहाने मतदानाने फेटाळले नाही. प्रत्येक वेळी ते सभागृहाच्या समाप्तीने संपले. दरम्यान महाराष्ट्राने २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा दिल्या. नांदेड-लातूरच्या गावोगावी भगिनी सरपंचपदावर बसून सभा चालवू लागल्या, तरी दिल्लीतील विधेयकाला तारीख मिळाली नव्हती.

मराठवाड्याने आणखी एक शेवट पाहिला आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर या भागाचे प्रतिनिधी हैदराबादच्या विधानसभेत बसत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद राज्याबरोबर ती विधानसभाही इतिहासजमा झाली. येथे अंत राज्याचाच होता, म्हणून त्या सभेला ‘पुढील तारीख’ असण्याचा प्रश्नच उरला नाही.

गावच्या सभेत काय पाहावे?

राज्याच्या विधिमंडळापासून गावच्या चावडीपर्यंत तत्त्व एकच आहे. म्हणून ग्रामसभेला, सोसायटीच्या किंवा संस्थेच्या सभेला जाणाऱ्या प्रत्येकाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, सभा उठण्यापूर्वी ती तहकूब झाली, समाप्त झाली की रद्द झाली, हे अध्यक्षांना स्पष्ट विचारावे. तसे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. दुसरी, तहकूब झाली असल्यास कोणत्या कारणाने, कोणत्या वेळी आणि पुढे कोणत्या दिवशी व ठिकाणी ती भरणार, हे इतिवृत्तात नोंदविले जाईल असे पाहावे. तिसरी, कोणते विषय झाले व कोणते राहिले याचीही नोंद व्हावी, म्हणजे तहकूब सभेत नवा विषय घुसविण्यास वाव राहत नाही. चौथी, तहकूब सभेच्या तारखेची दवंडी पिटली जाईल, सूचनाफलकावर ती लागेल आणि वाड्या-तांड्यांपर्यंतही पोहोचेल, असा आग्रह धरावा. आणि पाचवी गोष्ट म्हणजे, तहकूब सभेला अवश्य जावे. पहिल्या दिवशी आपल्या अनुपस्थितीने सभा थांबते. दुसऱ्या दिवशी आपल्या अनुपस्थितीने ती थांबत नाही, आपल्यावाचून पुढे जाते.

आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार सभा होणे कायद्याने आवश्यक आहे. त्यांतील प्रत्येक सभेच्या शेवटी ही पाच मिनिटांची दक्षता घेतली गेली, तर पुष्कळ तक्रारी तहसील कचेरीपर्यंत जाणारच नाहीत. पंचायतीच्या सचिवांनीही ‘सभा तहकूब करण्यात आली’ एवढ्या एका ओळीवर इतिवृत्त न संपविता त्याच्यापुढे तारीख लिहिण्याची सवय ठेवावी. तहकुबीचा ठराव जाहीर करताना सरपंचांनी ‘सभा रद्द झालेली नाही, अमुक दिवशी याच विषयांवर पुन्हा भरेल आणि त्या दिवशी येतील तेवढ्यांत निर्णय होईल’ असे साध्या मराठीत दोनदा सांगावे.

आरंभी उल्लेखिलेल्या त्या बाईंचा प्रश्न होता, “मग ही सभा झाली कधी?” पहिल्या दिवशी कोणी तिला तारीख सांगितली असती, तर हा प्रश्न तिला विचारावा लागला नसता. यादीत तिचे नाव लागले असते की नाही हे सांगता येत नाही. पण ते का लागू नये, हे तिने भर सभेत उभे राहून विचारले असते. तारीख ठाऊक असलेल्या माणसाला निदान सभेत बोलावयास मिळते, आणि सभा असते ती त्यासाठीच.